दोन वड्या साबण

आत्तीला, म्हणजे माझ्या आत्याला, पिक्चरला न्यायचं असं काही ठरलेलं नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती गावाकडनं, गडहिंग्लजच्या पुढनं, आमच्याकडं कोल्हापुरात येऊन महिना झाला होता, डोळा छान झाला होता, डॉक्टरांनी काळा चष्मा काढायला सांगितलं होतं, पण पाऊस असा लागला होता की परत जायचं म्हटलं तरी रोज सकाळी आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची आणि मग एसटीचं बोलायचं. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. त्या दिवशी संध्याकाळी शाहू स्मारकला एक जुना रशियन पिक्चर होता. मला जायचंच होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हटलं आत्तीलाच घेऊन जावं.

"कसला पिक्चर?"

"लढाईतला. रशियाचा."

"मग मला काय कळणार त्यातलं?"

"मी सांगतो की कानात."

आणि आत्तीच्या दिराचा नातू, जो इथं विद्यापीठाच्या बाजूला खोली घेऊन भरतीची तयारी करतोय, तो तिला भेटायला आलेला होता, तोही आला. त्याचं वय १९.

पिक्चर होता 'बॅलड ऑफ अ सोल्जर'. १९५९ सालचा, ग्रिगोरी चुखराय या दिग्दर्शकाचा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम दीड तासाचा. मी तो पहिल्यांदा कॉलेजात असताना बघितला, नंतर चार-पाच वेळा बघितला, आणि लढाईवरचे इतके पिक्चर बघून झाले तरी इतक्या हळू आवाजात इतकं सांगणारा मला दुसरा भेटला नाही. गोष्ट अगदी साधी आहे. अल्योशा नावाचा पोरगा, तोही १९ वर्षांचाच, फौजेत सिग्नलवर, म्हणजे निरोप पोचवायच्या कामावर असलेला. जर्मन रणगाडे अंगावर येतात, हा जीव घेऊन पळत सुटतो, एक रणगाडा नेमका त्याच्याच मागं लागतो, मध्येच कॅमेरा असा उलटा होतो की जमीन वर आणि आभाळ खाली, आणि पडता पडता त्याच्या हाताला रणगाडे फोडायची रायफल लागते. दोन रणगाडे निकामी करतो. जनरल पदक द्यायला निघतो तर पोरगं सरळ सांगतं की मी घाबरलो होतो, आणि विचारतं, पदकाच्या बदली आईला भेटून येऊ का, घराचं छप्पर गळतंय, ते दुरुस्त करून येतो. सहा दिवस मिळतात. दोन जायला, दोन यायला, दोन छपराला.

इथं मी आत्तीच्या कानात सांगितलं, "घर शाकारायला जायचंय म्हणतोय."

पडद्यावर इंग्रजीत जे येत होतं ते मी मनातल्या मनात गावाकडच्या बोलीत करत होतो आणि तो शब्द आपोआप आला. स्लॅबच्या घरात वाढलेल्यांसाठी सांगतो, शाकारणं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात, कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे-रिपा कुजल्यात का बघायच्या आणि सगळं परत नीट बसवायचं. आत्तीनं मान वळवून अंधारात माझ्याकडं बघितलं. तोपर्यंत ती दर दोन मिनिटांनी "काय म्हणालाय त्यो?" विचारत होती. त्यानंतर बराच वेळ तिनं काही विचारलं नाही. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण माझं अर्धं लक्ष पडद्याकडं आणि अर्धं पुढच्या सबटायटलकडं.

पुढं त्या सहा दिवसांचं काय होतं तोच पिक्चर. लंगडा होऊन घरी निघालेला एक सैनिक भेटतो, बायको आता आपल्याला नको म्हणेल या भीतीनं तिला तार करायला निघालेला की मी येत नाही, त्याला सोबत करण्यात वेळ जातो. मालगाडीच्या डब्यात गवताच्या गंजीत शुरा नावाची मुलगी भेटते, पहारेकरी मांसाचा डबा लाच म्हणून घेतो आणि वर आपल्या साहेबाचा धाक दाखवतो, पाणी आणायला खाली उतरलेल्या अल्योशाची गाडी निघून जाते, पूल उडवलेला असतो. दिवस नुसते गळत जातात. शेवटी गावाच्या रस्त्यावर आई शेतातनं धापा टाकत पळत येते आणि त्यांच्या वाट्याला काही मिनिटं उरतात. छपराला हात लावणं सोडाच, घरात पाऊल टाकणंही होत नाही. आणि आपल्याला तर पिक्चरच्या सुरुवातीलाच सांगून टाकलेलं असतं की हा परत आला नाही, दूर कुठंतरी परक्या मातीत त्याची कबर आहे आणि आई अजून त्या रस्त्यावर येऊन उभी राहते. म्हणजे पुढचा दीड तास आपण त्या पोराचं हसणं बघतो ते हे माहीत असताना. मला वाटतं लढाई काय असते हे मला या पिक्चरनं वेळेच्या मापात दाखवलं. माणसं मारते ते तर आहेच, पण त्याआधी ती माणसाचे सहा दिवस घेते आणि पाच मिनिटं परत देते.

दिवे लागले. आयोजकांपैकी एकजण पुढं आला आणि म्हणाला की जगातल्या सर्वोत्तम युद्धविरोधी चित्रपटांपैकी हा एक, कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. साठेक माणसं असतील. कोल्हापुरात पिक्चरवर बोला म्हटलं की माणसं लाजत नाहीत. १९२० साली बाबूराव पेंटरांनी इथं 'सैरंध्री' केला, १९२९ ला 'प्रभात' इथंच सुरू झाली, जयप्रभा स्टुडिओवरनं अजूनही लोक पोटतिडकीनं भांडतात, त्यामुळं पडद्यावर काय चाललंय याच्याशी आपला घरचा संबंध आहे असं इथं सगळ्यांनाच वाटतं. बरं वाटतं मला ते.

पहिले उठले एक निवृत्त सुभेदार. मराठा लाइट इन्फंट्रीतले, ताठ बसलेले आणि ताठच उभे राहिलेले. म्हणाले, "युद्धविरोधी शब्द मला पटला नाही. पोरगा एकदा तरी म्हणतो का लढाई नको? एकदा पण नाही. सुट्टी संपत आली, आईला भेटला, परत निघाला, टाइमात. आमच्यात ह्याला शिस्त म्हणतात. आणि तुमच्या घरात माणूस घुसलाय म्हटल्यावर विरोध कुणाला करायचा, युद्धाला का घुसलेल्याला?"

टाळ्या पडल्या. मीही त्या क्षणी गडबडलो, कारण त्यांचं म्हणणं बाजूला सारण्यासारखं नव्हतंच. सोव्हिएत रशियाची दुसऱ्या महायुद्धात २ कोटी ७० लाखांच्या आसपास माणसं गेली असं धरतात. चुखराय स्वतः पॅराशूट पलटणीतला, स्टालिनग्राडला लढलेला, जखमी झालेला. लढायला नको होतं असं म्हणणारा तो माणूस नव्हे. पण तरीही त्यानं रणगाडा फोडणं पहिल्या दहा मिनिटांत उरकलं आणि पुढं अख्ख्या पिक्चरमध्ये मालगाडी, फलाट, रस्ता आणि वाट बघणाऱ्या बायका दाखवल्या. तेव्हा त्याच्याच स्टुडिओतल्या काहींना हे रुचलं नव्हतं, लाच घेणारा पहारेकरी कशाला, नवऱ्याला विसरलेली बायको कशाला, नायक मेला असं सुरुवातीलाच कशाला सांगायचं. नंतर १९६० ला कान महोत्सवात गौरव झाला तेव्हा तोंडं बंद झाली. सुभेदार म्हणाले तसं अल्योशा लढाईविरुद्ध एक शब्द बोलत नाही हे खरंय. पिक्चर बोलतो. पोरगं नाही बोलत. मला हे तिथं सुचलं नाही, घरी आल्यावर सुचलं.

मग एक तरुण, केस वाढवलेला, शॉर्टफिल्म वगैरे करणारा असावा, तो म्हणाला, साहेबांचं बरोबर असेल तर हा भरतीचाच पिक्चर झाला की. इतका देखणा, इतका निष्पाप, सगळ्यांना मदत करणारा सैनिक, त्याच्यावर इतका सुंदर उजेड, हे बघून कोणाला युद्ध वाईट वाटणार? हे बघून पोरं उद्या रांगेत उभी राहतील.

माझ्या शेजारी रांगेत उभा राहणारच एक पोरगा बसला होता. रोज पहाटे साडेचारला उठून ग्राउंडवर जातो, सोळाशे मीटर पाच तीसच्या आत आणायचंय, अग्निवीरची चार वर्षांची नोकरी, त्यातले शंभरातले पंचवीस पुढं कायम. त्याला मी हळूच विचारलं, काय रे, तुला काय वाटलं? तो म्हणाला, "काका, त्यानं साहेबाला सांगितलं बघा, मी भ्यालो म्हणून. ॲकॅडमीत असं कोण बोलत नाही आमच्यात." एवढंच. बाकी प्रेमाचं, रेल्वेचं त्याला लांबलं वाटलं असं त्यानं नंतर सांगितलं. पण भ्यालो हे बोलता येतं हे त्यानं कुठंतरी ठेवून घेतलं. भरतीचा पिक्चर असता तर ते वाक्य त्यात राहिलं असतं का? मला नाही वाटत.

खरी वादाची ठिणगी पडली ती मात्र यानंतर. इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम मागं बसल्या होत्या. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला पूर्ण पिक्चरभर एकच गोष्ट दिसत होती, मालगाडी. या पिक्चरमधल्या मालगाडीत गवत आहे आणि प्रेम आहे. पण त्याच देशाच्या मालगाड्यांतनं आलेली माणसं आपल्या वळिवड्यात पाच वर्षं राहून गेली, ते आपण विसरलो का?"

हॉल एकदम गप्प.

वळिवड्याचं कोल्हापुरात सगळ्यांना थोडंथोडं माहीत असतं आणि पूर्ण फार कमी जणांना. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरनं पश्चिमेकडनं पोलंडवर हल्ला केला हे शाळेत शिकवतात. १७ सप्टेंबरला स्टालिनच्या फौजा पूर्वेकडनं घुसल्या हे तितकं शिकवत नाहीत. फेब्रुवारी १९४० पासनं पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं रात्री-अपरात्री उठवून, हाताला लागेल ते घेऊन, गुरांच्या डब्यात भरून सैबेरिया आणि कझाकस्तानकडं पाठवली गेली. १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला तेव्हा या लोकांची सुटका झाली, पोलिश फौज उभी राहिली आणि तिच्या मागनं बायका-पोरं इराणात आली, तिथनं हिंदुस्थानात. काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला गेली, आणि सगळ्यात मोठी वसाहत उभी राहिली आपल्या कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. १९४३ ते १९४८. जवळजवळ ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. बरॅकी, शाळा, चर्च, नाटकं, सगळं होतं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, फिरायला जाणारे त्याच्या बाजूनं जातात. तिकडं वॉर्सातही कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत फोटो आले होते. आणि युद्ध संपल्यावरही यातल्या बहुतेकांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांचं घर ज्या मुलखात होतं तो मुलूखच आता रशियाकडं गेलेला. कोण इंग्लंडला गेलं, कोण कॅनडा, कोण ऑस्ट्रेलिया. रिकाम्या बरॅकींत फाळणीतनं आलेली सिंधी कुटुंबं राहायला आली, आणि आज आपण कापडं घ्यायला ज्या गांधीनगरला जातो ते हेच.

मॅडमचं म्हणणं असं की चुखराय चांगला असेल, अल्योशा चांगला असेल, पण त्या चांगुलपणाची चौकट कुणीतरी आखून दिलेली आहे. तिच्या बाहेर जे लोक होते ते पडद्यावर कधीच येणार नव्हते. मग याला मानवतावादी म्हणायचं का?

त्यावर एकजण जरा तावातावानं म्हणाला की आत्ता युक्रेनमध्ये जे चाललंय ते बघता रशियन सैनिकाचं कौतुक करणारा पिक्चर दाखवायलाच नको होता. इथं मात्र मी उठलो. मला सभेत बोलायची सवय नाही, पाय थरथरत होते, पण मला माहीत होतं ते सांगावंसं वाटलं. चुखरायचा जन्म १९२१ चा, मेलितोपोलचा. मेलितोपोल युक्रेनमध्ये आहे. मार्च २०२२ पासनं ते गाव रशियन फौजेच्या ताब्यात आहे. ज्या गावात हा माणूस जन्मला त्या गावात आज कुठल्यातरी आईच्या घरावरचं छप्पर फुटलेलं असेल, तेव्हा हा पिक्चर बंद करून आपण नक्की कोणाची बाजू घेतो? एवढं बोलून मी बसलो. पटलं का नाही माहीत नाही. तो माणूस म्हणाला, तुमचं भावनिक झालं. झालं असेल.

मॅडमना मात्र मी उत्तर दिलं नाही, देता आलं नाही, आणि अजूनही माझ्याकडं नाही. मला तो पिक्चर तितकाच आवडतो आणि मॅडमही बरोबर आहेत. या दोन गोष्टी एका मनात ठेवून मी गेले कितीतरी दिवस फिरतोय. इतकंच म्हणता येईल की पूर्वी मी त्या मालगाडीच्या सीनला नुसता हरखून जायचो, आता त्या गवताच्या डब्याच्या मागं दुसरा डबा दिसतो, बाहेरनं कडी घातलेला. तो चुखरायनं दाखवला नाही. पण चुखरायनं डब्यात माणसं दाखवली नसती तर मला दुसऱ्या डब्यातली दिसली असती का, हेही मला खरंच वाटतं.

आता साबणाचं. खरं तर हे सगळं लिहायला बसलो तेच साबणासाठी.

पिक्चरमध्ये असं आहे की अल्योशा सुट्टीवर निघालेला असताना वाटेत आघाडीवर चाललेली एक तुकडी भेटते. त्यातला पाव्हलोव्ह नावाचा सैनिक त्याला म्हणतो, माझं घर तुझ्या वाटेवर आहे, बायकोला निरोप दे मी ठीक आहे म्हणून. नुसता निरोप काय द्यायचा म्हणून सोबत्यांकडनं साबण घेतो. अख्ख्या तुकडीला मिळालेल्या साबणाच्या दोन वड्या, त्या दोन्ही देऊन टाकतात. युद्धात साबण म्हणजे काय चीज असेल विचार करा. अल्योशा ते घेऊन त्या बाईच्या घरी जातो, जिन्यात वरनं कोणतं तरी पोर साबणाचे फुगे सोडत असतं, दार उघडतं आणि लक्षात येतं की घरात दुसरा पुरुष आहे. अल्योशा साबण ठेवतो, बाहेर पडतो, परत वर येतो, साबण उचलतो आणि निघून जातो. मग तो साबण नेऊन पाव्हलोव्हच्या म्हाताऱ्या वडलांना देतो आणि तुमचा मुलगा कसा शूर आहे, कसा मजेत आहे हे खोटंखोटं रंगवून सांगतो.

हा सीन माझा फार लाडका. त्या साबण परत उचलण्यात मला पोराचा सगळा स्वच्छ स्वभाव दिसायचा. चार मित्रांना मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितलेली आहे.

त्या दिवशी एक कॉलेजची मुलगी उठली आणि म्हणाली, मला तो सीन चीड आणणारा वाटला. ती बाई कशातनं गेली, तिला पत्र येत होती का, ती उपाशी होती का, तिला भीती वाटत होती का, यातलं पिक्चर काही विचारत नाही. तिला स्वतःची बाजू मांडायला धड दोन वाक्यं पण नाहीत. सगळ्या पिक्चरला माया आहे, फक्त हिला नाही. यावर तीन-चार पुरुष एकदम बोलायला लागले. नवरा तिकडं मरतोय आणि ही इकडं, असं. सुभेदारसाहेबही म्हणाले, "आघाडीवरच्या जवानाला सगळ्यात जास्त भीती ह्याच बातमीची असते, गोळीची नसते." मुलगी म्हणाली, "म्हणूनच तर, सर." आवाज चढले.

तेवढ्यात आत्तीनं माझी बाही ओढली. "काय म्हणाल्यात सगळी?"

मी थोडक्यात सांगितलं. त्या बाईकडनं साबण काढून घेतला ते बरोबर का चूक, यावर भांडण चाललंय.

आत्ती पडद्याकडं बघत होती, जो आता नुसता पांढरा होता. म्हणाली, "द्यायला पायजे हुता तिला. तिलाबी अंग धुवायचं असतंय की."

हळू म्हणाली, मलाच ऐकू जाईल इतकं. आणि मी ते हॉलमध्ये सांगितलं नाही. मेलितोपोलचं सांगायला उठलो होतो, यासाठी उठलो नाही. दीड तास मी रशियन पोराचं म्हणणं तिच्या कानात मराठीत घालत होतो आणि तिचं एक वाक्य साठ माणसांपर्यंत न्यायचं माझ्याच्यानं झालं नाही. का झालं नाही ते मला माहिती आहे.

आत्तीचं लग्न १९६४ चं. ती सतरा वर्षांची. मामा, म्हणजे तिचा नवरा, मराठा लाइट इन्फंट्रीत. आमच्या त्या भागात, गडहिंग्लज, आजरा, चंदगड, घरटी नाही तरी गल्लीत चार-पाच फौजी असतातच, बेळगावला भरती व्हायचं हे पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं. १९६५ च्या मे महिन्यात मामा सुट्टीवर आले, तेही घर शाकारायला. कच्छच्या रणात एप्रिलमध्येच चकमकी सुरू झाल्या होत्या, फौजा सरहद्दीकडं हलत होत्या. मागची पाखी, म्हणजे छपराची मागची उतरती बाजू, झाली, पुढची कौलं उतरवून अंगणात मांडून ठेवलेली, आणि सुट्टी रद्द झाल्याची तार आली. मामा त्याच दुपारी गेले. पुढची पाखी भाऊबंदांनी कशीबशी चढवली, ती शेवटपर्यंत गळत राहिली, मी लहानपणी त्या सोप्यात भांडी ठेवलेली बघितलीयत. सप्टेंबरात लढाई झाली. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी, त्यानंतर काही दिवसांनी दुसरी तार.

अठरा वर्षांची होती आत्ती. तिच्या पुढं एखादं लग्न व्हावं असा विषय निघालाच नाही असं नाही. निघाला होता. पलीकडच्या गावचा एक मास्तर तयार होता असं आईनं मला खूप वर्षांनी एकदा सांगितलं. माझ्या आजोबांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या वडलांनी, तो विषय दाबला. शहीद जवानाची बायको, गावात नाव, असं कसं करायचं. आजोबा वाईट नव्हते, मला खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचे. पण साठ वर्षं ती त्या नावात राहिली. १५ ऑगस्टला शाळेत पहिल्या खुर्चीवर बसवतात, शाल देतात. कुणी तिला कधी विचारलं नाही की तुला काय पाहिजे होतं. मीही नाही विचारलं. आणि लिझावर, म्हणजे पाव्हलोव्हच्या बायकोवर, तोंड सोडून बोलायचा कुणाला अधिकार असेलच तर या बाईला होता, जिनं साठ वर्षं वाट बघितली. तिनंच साबण देऊन टाकला.

आत्तीचं ऐकल्यापासनं तो सीन मला पूर्वीसारखा बघता येत नाही. अल्योशा साबण उचलतो तेव्हा तो १९ वर्षांचा आहे, त्याला आईशिवाय बाई कळलेली नाही, शुराचा हात धरायलाही तो घाबरतो. त्याचं चुकतं. चुखरायचंही तिथं चुकलं असं मला आता वाटतं, आणि हे म्हणताना मला काही तरी जवळचं मोडल्यासारखं होतं, कारण त्या लंगड्या सैनिकाच्या बायकोला फलाटावर धावत येताना दाखवणारा माणूस हाच. एकीला त्यानं इतकं दिलं. दुसरीला दोन वड्या द्यायला काय जात होतं?

बाहेर आलो तर दसरा चौकात पाऊस थांबला होता, शाहू महाराजांच्या पुतळ्याभोवती पाणी साचलेलं, वादावादी करणारे सगळे टपरीवर चहा घेत अजून बोलतच होते. सुभेदार आणि ती मुलगी एकाच छत्रीच्या आडोशाला उभे राहून हातवारे करत होते, तिचे आजोबाही फौजेत होते असं काहीतरी कानावर आलं. आत्तीनं चहा घेतला. भरतीवाल्या पोरानं तिची चप्पल पुसून पुढं ठेवली. मी विचारलं, आत्ती रडलीस का गं मघाशी? "मी कुठं रडालोय? डोळ्यातनं पानी येतंय अजून, डाक्टर म्हणाला हुता येईल म्हणून." आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, गेलो, आलो, रडलो.

आठवड्यानं पाणी उतरलं. गावी जायच्या आधी तिला नातसुनेसाठी साडी आणि पोरांना कापडं घ्यायची होती म्हणून गांधीनगरला गेलो. जाताना मी तिला सांगितलं, हितं पूर्वी गोरी माणसं राहायची, बायका आणि लेकरं, लढाईतनं आलेली. ती खिडकीतनं बघत होती, बघण्यासारखं आता काही राहिलेलं नाही, दुकानंच दुकानं.

"बापे कुठं हुते त्यांचे?"

"बरेच पलटणीत. काही मेलेले."

"मग परत आपल्या घरला गेल्या का त्या?"

"बहुतेक न्हाई गेल्या. घर हुतं तो मुलूखच दुसऱ्याकडं गेला."

तिनं मान हलवली. दुकानात बराच वेळ लागला, साडीचा पोत हातानं बघायची तिची सवय, नवा डोळा आला तरी हातच आधी जातो. बिल होऊन पिशवी बांधेपर्यंत ती स्टुलावर बसून होती आणि मध्येच मला म्हणाली, "त्या बाईचं नाव काय हुतं?"

"कुठल्या?"

"साबणाच्या."

"लिझा."

"लिजा," ती म्हणाली. मग अजून एकदा, पाठ करून ठेवल्यासारखी. आणि पिशवी काखेत घेऊन एकेक पायरी बघत खाली उतरायला लागली.